कर्करोग लहान, इजा मोठी: थांबावे की उपचार घ्यावेत?

वाचकाचे पत्र:

माझे बाबा 61 वर्षांचे आहेत. एसटीत वाहक होते, आता निवृत्त आहेत. गेल्या वर्षभरापासून त्यांच्या बरगड्या, कंबर आणि मांड्या दुखतात. जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढावे लागते, आणि रात्री लघवीसाठी चार-पाच वेळा उठावे लागते. लघवीत साखर निघाली म्हणून घराजवळच्या डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी सुरू केली होती. पण उपाशीपोटीची रक्तातील साखर 92 आणि एचबीएवनसी 5.4 आल्यावर ती बंद झाली. मग धंतोलीतील मूत्रपिंडतज्ज्ञांनी तपासण्या केल्या. क्रिएटिनिन 1.6, फॉस्फरस 1.7, युरिक ॲसिड 1.8, पोटॅशियम 3.1, बायकार्बोनेट 17. लघवीच्या पट्टीवर प्रथिन फक्त ‘एक प्लस’, पण चोवीस तासांच्या लघवीत 2.4 ग्रॅम. रक्तात लाइट चेन या प्रथिनाची कॅपा जात 640, लॅम्ब्डा जात 14. बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या मज्जेत, प्लाझ्मा पेशी 12 टक्के. मूत्रपिंडतज्ज्ञ म्हणतात, किडनीची बायॉप्सी करून लवकर उपचार सुरू करू. दुसऱ्या मतासाठी गेलो, तेथील डॉक्टर म्हणाले की हा ‘स्मोल्डरिंग’ मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा संथ कर्करोग आहे, दर तीन महिन्यांनी तपासत राहू. मोठे काका म्हणतात, सुई टोचली की रोग पसरतो. घरात संत्री, वरण, दूध बंद केले आहे. दुखणे थांबावे म्हणून बाबा रोज डायक्लोफेनॅकची गोळी घेतात. कर्करोगाचे अजून त्यांना सांगितलेले नाही. आम्ही नेमके काय करावे?
एक मुलगी, मानेवाडा, नागपूर

उत्तर:

पत्रातील इतर प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आजच करा: बाबांची डायक्लोफेनॅकची गोळी बंद करा. ती गोळीच नव्हे, तर आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक आणि औषधांच्या दुकानात ‘अंगदुखीची’ म्हणून सहज मिळणाऱ्या जोडगोळ्याही घरात ठेवू नका. तुम्ही दिलेले आकडे पाहता बाबांच्या मूत्रपिंडांचे गाळण्याचे काम साधारण निम्म्यावर आले आहे, आणि लाइट चेन लघवीतून जात असताना ही औषधे घेणे म्हणजे आधीच दुखावलेल्या नलिकांवर दुसरा घाव घालणे होय. दुखणे असह्य असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारून पॅरासिटामॉल द्या. त्यानेही भागले नाही तर वेदनेसाठी दुसरी सुरक्षित औषधे असतात, ती तेच लिहून देतील.

आता दोन डॉक्टरांच्या दोन मतांविषयी. तुमच्या मनात सर्वांत मोठा गोंधळ याचाच आहे, आणि माझ्या मते सगळा निर्णय येथेच आहे. दोघेही चुकीचे बोलत नाहीत. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. दुसऱ्या डॉक्टरांनी कर्करोग केवढा आहे हे मोजले. 2014 साली मायलोमाचे जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले, त्यांनुसार बोन मॅरोत प्लाझ्मा पेशी 10 टक्के किंवा अधिक पण 60 टक्क्यांहून कमी असतील आणि शरीराला ठरावीक स्वरूपाची इजा झालेली नसेल, तर त्या अवस्थेला स्मोल्डरिंग म्हणतात आणि बहुतेक रुग्णांत थांबून लक्ष ठेवणे योग्य ठरते. मूत्रपिंडाच्या इजेसाठी त्या निकषांत क्रिएटिनिन 2 च्या वर किंवा गाळण्याचा वेग 40 च्या खाली अशी रेघ आहे, आणि दोन लाइट चेनचे गुणोत्तर 100 वर गेले तरी उपचार सुरू करतात. बाबांचे क्रिएटिनिन 1.6 आहे आणि गुणोत्तर सुमारे 46 आहे. म्हणजे आकड्यांच्या काटेकोर हिशेबात ते रेघेच्या अलीकडे राहतात, आणि त्या डॉक्टरांनी त्या हिशेबाने सल्ला दिला.

मूत्रपिंडतज्ज्ञांनी मात्र तो कर्करोग काय करतो आहे हे पाहिले. प्लाझ्मा पेशी थोड्या असूनही त्यांनी तयार केलेले प्रथिन जर मूत्रपिंडाला घातक असेल, तर पेशींची संख्या पाहून निर्धास्त होता येत नाही. याच कारणाने 2012 साली मूत्रपिंड आणि रक्तविकारांच्या तज्ज्ञांनी मिळून अशा अवस्थांना वेगळे नाव दिले, कारण ‘कर्करोग अजून लहान आहे’ एवढ्यावर थांबवलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे दरम्यानच्या काळात निकामी होत होती. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एमजीआरएस’ म्हणतात. कागदपत्रांत हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की मूत्रपिंडाला इजा करणारे एकाच जातीचे प्रथिन लहानशा पेशीसमूहातून येत आहे आणि उपचाराचा निर्णय मूत्रपिंडाकडे पाहून घ्यायचा आहे. पत्रावरून कोणाचे निदान करता येत नाही आणि मीही ते करत नाही. परंतु तुम्ही लिहिलेले आकडे खरे धरले तर माझा कल स्पष्टपणे पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने आहे.

का, ते सांगतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला एक लांब, वळणावळणाची नलिका जोडलेली असते. दिवसभरात जवळपास 180 लिटर द्रव गाळून या नलिकांत उतरतो आणि त्यातील साखर, फॉस्फरस, युरिक ॲसिड, पोटॅशियम, बायकार्बोनेट असे शरीराला हवे असलेले जवळजवळ सगळे नलिकेचा पहिला भाग परत रक्तात ओढून घेतो. लाइट चेन हे प्रथिन आकाराने इतके लहान असते की ते गाळणीतून सहज खाली येते, आणि नलिकेच्या पेशी तेही आत घेऊन पचवतात. काही रुग्णांत कॅपा जातीच्या लाइट चेनची घडण अशी असते की पेशीला ती पचवता येत नाही. मग तिचे स्फटिक पेशीतच साचत जातात, पेशी दुबळी होते आणि परत ओढण्याचे तिचे काम बंद पडते. रक्तातील साखर 92 असताना लघवीत साखर उतरते ती यामुळे, कारण निरोगी माणसात रक्तातील साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत येत नाही. फॉस्फरस 1.7, युरिक ॲसिड 1.8, पोटॅशियम 3.1 आणि बायकार्बोनेट 17 हे चारही आकडे एकाच वेळी खाली असणे, हे एकाच गळतीचे चार पुरावे आहेत. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विदो फॅन्कोनी यांच्या नावावरून याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. मुलांत तो बहुधा जन्मजात दोषांमुळे होतो. प्रौढ माणसात तो नव्याने दिसला तर औषधांचा दुष्परिणाम आणि मायलोमासारखे विकार, या दोन गोष्टी आधी शोधाव्या लागतात.

यात एक बारकावा तपासून घ्या. मधुमेहाच्या ज्या गोळीचा तुम्ही उल्लेख केला आहे, तिच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, तर ती गोळीच लघवीतून साखर बाहेर टाकते आणि युरिक ॲसिडही थोडे उतरवते. साखर आधी सापडली आणि गोळी नंतर सुरू झाली असे तुम्ही लिहिता, आणि फॉस्फरस इतके खाली जाणे त्या गोळीने होत नाही. तरीही गोळीचे नाव आणि ती बंद केल्याची तारीख मूत्रपिंडतज्ज्ञांना लिहून द्या. हिपॅटायटिस बी किंवा अन्य कारणाने टेनोफोव्हिर हे औषध बाबा घेत असतील तर तेही सांगा, कारण त्यानेही अशीच गळती होते.

पट्टीवर ‘एक प्लस’ आणि चोवीस तासांत 2.4 ग्रॅम, यात विसंगती दिसली तरी प्रयोगशाळेची चूक आहे असे समजू नका. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन ओळखते, लाइट चेन ओळखत नाही. या दोन आकड्यांमधले अंतरच सांगते की लघवीत जाणारे प्रथिन वेगळे आहे. 1845 साली लंडनमध्ये हाडदुखीने आजारी असलेल्या एका रुग्णाच्या लघवीत तापवल्यावर विरघळणारे आणि थंड झाल्यावर पुन्हा दिसणारे प्रथिन हेन्री बेन्स जोन्स यांनी तपासले. तुमच्या कागदांवर कोठेतरी ‘बेन्स जोन्स प्रोटीन’ असे लिहिलेले दिसेल, ते हेच.

आता बायॉप्सी. सुई टोचल्याने रोग पसरतो ही काकांची भीती प्रेमापोटी आहे, परंतु ती येथे लागू होत नाही. मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ नाही. मज्जेत तयार झालेले प्रथिन तेथे येऊन साचले आहे. सुई घालून पसरावे असे तेथे काही नाही. या तपासणीचा खरा धोका रक्तस्रावाचा असतो. म्हणून आधी रक्तदाब ताब्यात आणतात, रक्त गोठण्याच्या चाचण्या करतात, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून काही दिवस थांबवतात. जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत पाठीतून बारीक सुईने धाग्याएवढे एक-दोन तुकडे काढतात आणि त्यानंतर काही तास पाठीवर निजून राहावे लागते. लघवी एक-दोनदा लालसर झाली तर घाबरू नये, मात्र डॉक्टरांना दाखवावी.

या बायॉप्सीच्या बाबतीत एक गोष्ट तुम्ही आग्रहाने विचारा, कारण नेमकी तीच बऱ्याचदा राहून जाते. लाइट चेनचे स्फटिक पेशींच्या आत असले की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नलिका किंचित झिजलेल्या वाटतात आणि चमकणाऱ्या रंगाने प्रथिने शोधणारी नेहमीची फ्लुओरेसन्स तपासणीही चक्क निर्दोष येऊ शकते. मेणात जपलेल्या तुकड्यावर प्रोनेज या विकराची प्रक्रिया करून पुन्हा फ्लुओरेसन्स पाहिली तर लपलेली कॅपा चेन उजेडात येते, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात स्फटिक प्रत्यक्ष दिसतात. म्हणून बायॉप्सीच्या आधीच डॉक्टरांना विचारा: एक तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी वेगळ्या द्रावणात ठेवणार का, आणि पहिला निकाल निर्दोष आला तर प्रोनेजची तपासणी होईल का? ही सोय प्रत्येक प्रयोगशाळेत नसते, पण मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या कुरिअरने मुंबईला किंवा अन्यत्र जाऊ शकतात. त्यासाठी बाबांना सव्वाआठशे किलोमीटरचा प्रवास घडवण्याची गरज नाही. उपचारांसाठीही लगेच नागपूर सोडण्याची घाई करू नका. जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, मिहानमधील एम्स, मानेवाडा रस्त्यावरील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, मेडिकलचे (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे) सुपर स्पेशालिटी रुग्णालय असे पर्याय शहरातच आहेत. रक्तविकारतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ एकमेकांशी प्रत्यक्ष बोलून निर्णय घेतील अशी व्यवस्था जेथे होईल, ते ठिकाण निवडा. दोघांची भेट घडवता आली नाही तर निदान एकाचे टिपण दुसऱ्याच्या हाती पडेल एवढे तुम्ही पाहा. खर्चासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्रांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी पहिल्याच दिवशी विचारा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते.

निदान पक्के झाले तर उपचारांचा रोख मज्जेतील त्या पेशींकडे असतो. बोर्टेझोमिब हे पोटाच्या त्वचेखाली, बहुधा आठवड्यातून एकदा दिले जाणारे इंजेक्शन, त्यासोबत डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फामाइड, किंवा अलीकडे डाराटुमुमॅब, अशी जोडी किंवा तिकडी असते. बोर्टेझोमिबची मात्रा मूत्रपिंडांमुळे कमी करावी लागत नाही. लेनालिडोमाइडची मात्र करावी लागते, ते नाव चिठ्ठीवर आले तर हा प्रश्न विचारा. बोर्टेझोमिबने हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तर बाबांनी ते पहिल्या दिवशीच सांगायला हवे, सहन करत बसू नये. नागीण होऊ नये म्हणून एसायक्लोव्हिर देतात आणि उपचारांपूर्वी हिपॅटायटिस बी तपासतात. डेक्सामेथासोनने रक्तातील साखर खरोखरच वाढू शकते. लघवीतली साखर तर आधीपासूनच आहे, म्हणून आता साखर मोजायची ती रक्ताचीच. गुण येतो की नाही हे कॅपा लाइट चेनच्या आकड्यावरून कळते. तो आकडा जितका खोल उतरेल तितकी मूत्रपिंडे सावरण्याची आशा अधिक असते. गळती मात्र सावकाश थांबते, कधी थोडी कायम राहते, म्हणून दोन महिन्यांनी लघवीत साखर दिसली की औषध लागू पडले नाही असे ठरवू नका.

पूर्वी या आजारात डॉक्टर औषधे सुरू करायला कचरत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. रोग मंद असतो आणि जुन्या औषधांनी पुढे दुसरा रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका होता. आजची औषधे त्यापेक्षा बरी आहेत. परंतु खूप वृद्ध, अशक्त आणि मूत्रपिंडांचे आकडे वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या रुग्णात केवळ गळती भरून काढत थांबणे हा निर्णयही समंजस असू शकतो. तुमचे बाबा 61 वर्षांचे आहेत, चालते-फिरते आहेत आणि त्यांच्या मूत्रपिंडांची उरलेली निम्मी शक्ती वाचवण्यासारखी आहे. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे परत जाऊन आदराने एवढेच विचारा: मूत्रपिंडाच्या नलिकांची ही गळती लक्षात घेऊनही तुम्ही थांबायलाच सांगाल का? कदाचित फॉस्फरस आणि युरिक ॲसिडचे आकडे त्यांच्यापुढे आलेच नसतील.

हाडांच्या दुखण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाबांना रोज त्रास त्याचाच आहे. मायलोमात हाडे पोखरली जातात हे खरे आहे आणि त्यासाठी सीटी, पेट किंवा एमआरआय करावे लागेल. स्कॅन करताना शिरेतून रंगद्रव्य देणार असतील तर क्रिएटिनिनची आठवण करून द्या. पण फॉस्फरस महिनोन्महिने 1.7 असेल तर हाडे मऊ होतात, बरगड्यांत आणि मांडीच्या हाडांत बारीक चिरा पडतात आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. कठडा धरून जिना चढणे या चित्रात तंतोतंत बसते. यावरचा उपाय त्यामानाने साधा आहे: फॉस्फरसचे द्रावण किंवा गोळ्या दिवसातून तीन-चार वेळा विभागून, सक्रिय रूपातील ड जीवनसत्त्व, आणि पोटॅशियम सायट्रेट किंवा सोडियम बायकार्बोनेट. एकदम जास्त फॉस्फरस घेतले की जुलाब होतात, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतले तर दोन्ही वाया जातात, म्हणून त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. हे उपचार कर्करोगाच्या निर्णयासाठी थांबवून ठेवायचे नसतात. ते आताच सुरू करता येतील का, हे पुढच्या भेटीतला पहिला प्रश्न म्हणून विचारा. हाडे बळकट करण्याचे झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन कोणी सुचवले, तर फॉस्फरस, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आधी भरून काढायचे का, हे विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

खाण्याच्या बाबतीत तुमच्या घरात सगळे प्रेमाने उलटेच चालले आहे. ‘किडनीचा रुग्ण’ म्हटले की संत्री, केळी, दूध, वरण बंद, ही समजूत ज्यांच्या शरीरात पोटॅशियम आणि फॉस्फरस साठते त्यांच्यासाठी आहे. बाबांच्या शरीरातून हीच दोन्ही वाहून जात आहेत. आजच्या आकड्यांवर त्यांना संत्रे, दूध, दही, तुरीचे वरण आणि भात मिळाला पाहिजे. आठवड्यातून एखाद्या वेळी मटण खाल्ले तरी हरकत नाही. पुढे क्रिएटिनिन वाढून पोटॅशियम चढू लागले तर हा सल्ला बदलेल, म्हणून दर रक्ततपासणीनंतर आहारतज्ज्ञांना ताजा कागद दाखवा आणि शेजाऱ्यांनी सांगितलेली यादी पाळू नका. मूत्रपिंडे ‘साफ’ करणारे काढे, भस्मे आणि प्रथिनांच्या भुकट्या पूर्णपणे टाळा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची मला या आजारात विशेष काळजी वाटते. बाबांच्या नलिका पाणीही नीट धरून ठेवत नाहीत, म्हणून ते रात्री इतक्या वेळा उठतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या आसपास असताना अंगातील पाणी कमी झाले की लाइट चेन नलिकांच्या खालच्या भागात दुसऱ्या एका प्रथिनाशी चिकटून घट्ट बुचे तयार करतात आणि मूत्रपिंडे काही दिवसांत बंद पडू शकतात. दुपारी बारा ते पाच बाहेर पडणे बंद ठेवा. पायांवर सूज नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी पोटात जाईल असे पाहा. उलट्या किंवा जुलाब सुरू झाले तर सकाळपर्यंत वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात नेऊन सलाइन लावून घ्या.

डायलिसिसचा प्रश्न आज नाही.

बाबांना सांगावे का? माझे मत निःसंदिग्ध आहे: सांगावे, आणि बायॉप्सीच्या आधी सांगावे. संमतीपत्रावर सही त्यांना करायची आहे, इंजेक्शनांच्या फेऱ्या त्यांना करायच्या आहेत, आणि मुंग्या किंवा ताप आला तर सर्वांत आधी तो त्यांनाच कळणार आहे. ज्या माणसाने आयुष्यभर रोज शेकडो प्रवाशांशी बोलून त्यांचे चेहरे वाचले, त्याच्यापासून घरातली कुजबुज लपलेली असेल असे मला वाटत नाही. एकदम सगळे सांगू नका. घरात शांत वेळ पाहून तुम्ही आणि आई दोघी बसा आणि म्हणा, “बाबा, तुमच्या हाडांच्या दुखण्याचे कारण सापडले आहे. मज्जेतल्या काही पेशी बिघडल्या आहेत आणि त्यांच्यामुळे किडनीतून शरीराला हवे ते वाहून जात आहे. यावर औषध आहे.” ‘हा कर्करोग आहे का?’ असे त्यांनी विचारले तर ‘हो’ म्हणा. पुढचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद घेऊन बाबांनाच डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसवा. काकांनाही सोबत न्या, म्हणजे बायॉप्सीविषयीची त्यांची शंका ते स्वतः डॉक्टरांना विचारू शकतील.